उत्तर कधीपर्यंत हवे, हे विचारणाऱ्याने सांगावे काय?

गेल्या खरिपातली गोष्ट आहे आणि तीत चूक आमचीच आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो. जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचे पोस्टकार्ड या पानाच्या पत्त्यावर आले. मजकूर चार ओळींचा. मक्याच्या पोंग्यात अळी पडली आहे, पानांची चाळण झाली आहे, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी घाण दिसते, तरी कोणते औषध मारावे ते कळवावे, ही विनंती. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते कार्ड आम्ही बाकीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात ठेवले. गठ्ठा आठवड्याने तज्ज्ञांकडे गेला. तिथे मेळाव्याची गडबड चालू होती. उत्तरे आली तर पानावर जाहिरात जास्त, जागा कमी. छापून आले तेव्हा कार्डावरच्या तारखेला २६ दिवस होऊन गेले होते.

त्याच दुपारी फोन आला. "साहेब, उत्तर वाचलं. लई चांगलं लिहिलंय. पण मका आता तुऱ्यात आलाय." आवाजात राग नव्हता. असता तर आम्हाला जरा बरे वाटले असते. आम्हीच उलट विचारले, की पेरणी कधीची आणि घाई किती, हे कार्डावर एका ओळीत का नाही लिहिलेत? तर म्हणाले, "तुम्हाला मुदत घालणारा मी कोण? मी तर इचारणारा."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. म्हणून आजचा हा लेख. सल्ला मागणाऱ्याने, "अमुक तारखेपर्यंत उत्तर मिळाले तर उपयोग आहे" असे सांगावे की न सांगावे? प्रश्न साधा दिसतो, पण गेले काही महिने याविषयी आम्ही ज्यांच्याशी बोललो, त्यांत सरळ दोन तट पडले. विचारणारे म्हणतात, सांगायला पाहिजे. उत्तरे देणारे म्हणतात, हे भलतेच खूळ काढू नका.

आधी त्या मक्याचेच बघू. ही अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात २०१८ साली प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. मादी पतंग एकेका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते. दोन-तीन दिवसांत ती उबतात. बारीक अळ्या पान खरवडतात, तेव्हा पानावर पांढरे चट्टे दिसतात. ही वेळ मारायची. निंबोळी अर्काचाही या काळात उपयोग होतो, अंडीपुंज आणि अळ्या हाताने वेचून चिरडता येतात. पुढे अळी मोठी झाली की पोंग्यात खोल जाऊन बसते आणि स्वतःच्याच विष्ठेचे बूच वर लावून घेते. मग वरून कितीही महागडे औषध मारा, तिच्या अंगाला ते लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत ती खाऊन-पिऊन जमिनीत कोषात जाते. म्हणजे आमच्या त्या पोस्टकार्डाला उत्तराची जी किंमत होती, ती पहिल्या चार-पाच दिवसांत रुपयाची, आठवड्याने चार आण्याची आणि २६ व्या दिवशी शून्य. उत्तर मात्र शब्दन्‌शब्द बरोबर होते.

प्रश्नावर मुदत लिहिलेली नव्हती, पण म्हणून मुदत नव्हती असे थोडेच आहे? ती पिकात होतीच. फक्त ती शेतकऱ्याला दिसत होती आणि टेबलावर बसलेल्या आम्हाला दिसत नव्हती.

आता विरोधी बाजू. ती आम्ही मन लावून ऐकली, कारण तीत तथ्य आहे. एका जुन्या कृषी अधिकाऱ्यांनी (निवृत्त आहेत, पण लोक अजून त्यांच्या ओट्यावर येतात) पहिलाच घाव घातला. म्हणाले, "उद्या तुम्ही मुदत लिहायला सांगा, परवा प्रत्येक कागदावर 'आजच्या आज' असेल." ग्रामपंचायत आणि तहसील कचेरीत ज्यांची हयात गेली, त्यांना हे समजावून सांगायला नको. फायलीवर 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावायची पद्धत जुनी आहे. राज्याने २००५ साली बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईला आळा घालण्याचा कायदा केला, त्यात साधी फाईल एका टेबलावर कामाचे ७ दिवस, तातडीची ४ दिवस आणि त्याहून निकडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघावी असे लिहून ठेवले आहे. कायदा चांगला आहे. पण चिठ्ठी लावणे फुकट आहे, त्यामुळे ती सगळ्यांवर लागते आणि सगळ्यांवर लागली की कोणावरच लागली नाही असे होते. तातडीच्या गठ्ठ्यातच मग खरी तातडी कुठली ते हुडकत बसावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. आपल्याकडे शेतीचा सल्ला देणारे पुष्कळ जण तो पगारापोटी देत नाहीत. कृषी विज्ञान केंद्रातला शास्त्रज्ञ रात्री साडेनऊला जेवता जेवता मोबाइलवर आलेला पानाचा फोटो बघतो. एखादा जाणता बागायतदार स्वतःचे काम टाकून शेजारच्या गावच्या बागेत जाऊन येतो, पेट्रोलसुद्धा स्वतःचे. अशा माणसाला "उद्या सकाळी दहाच्या आत कळवा" असे लिहिले तर त्याला काय वाटेल? त्यातल्या एकाने आम्हाला हसत हसत ऐकवले, की मदत मागायची हात जोडून आणि वर घड्याळ दाखवायचे, हा कुठला न्याय? उपकाराला मुदत घातली की उपकार करणारा पुढच्या वेळी फोन उचलत नाही. मग नुकसान कोणाचे? ज्याने मुदत घातली त्याचे नव्हे फक्त, त्याच्यामागे रांगेत उभे असलेल्या सगळ्यांचे.

तिसरे म्हणणे असे, की घाईत दिलेला सल्ला चुकतो. हेही खरे. पानावर डाग आहे, तो बुरशीचा की अन्नद्रव्याच्या कमतरतेचा, हे नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे सांगणारा तज्ज्ञ आम्ही तरी पाहिला नाही. चांगला माणूस म्हणतो, मुळे उपटून बघू, पाणी कसे देता ते सांगा, शेजारच्या रानात आहे का ते पाहा. घड्याळ लावले की तो हे प्रश्न विचारणे सोडून देईल आणि अंदाजाने काहीतरी नाव सांगून मोकळा होईल.

या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आमचे थोडे वेगळे म्हणणे आहे. शहाण्या माणसाने उत्तराला वेळ घेतला म्हणून शेतकरी थांबतो, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी श्रावण-भाद्रपदात तालुक्याच्या बाजारात एक चक्कर मारावी. शेतकरी थांबत नाही. थांबता येतच नाही. तो पाठीवर पंप आहे तसा ठेवून दुकानाच्या काउंटरवर जातो आणि तिथे उत्तर ताबडतोब मिळते, बाटलीसकट. सगळे दुकानदार वाईट नसतात, काही तर फार जाणते असतात. पण विकणारा तो आणि सल्ला देणाराही तोच, हे विसरून चालत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणे अनेक होती. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, तोंडाला साधे फडकेही नाही, जोराचे पंप आणि एकात एक मिसळलेली औषधे. ही दोन औषधे एकत्र करावीत का, हा प्रश्न माणसाला फवारणीच्या आदल्या संध्याकाळी पडतो. त्या संध्याकाळी उघडे दार बहुधा एकच असते. तेव्हा घाईच्या उत्तराची भीती बाळगताना, उशिराच्या उत्तराने काय होते तेही त्याच तराजूत घालावे लागेल.

मग आमचे मत काय? मुदत सांगावी, पण ती पिकाची सांगावी, स्वतःची नव्हे.

दोन वाक्ये शेजारी ठेवून बघा. "मला गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे." आणि, "गहू पेरून आज १६ दिवस झाले, कालव्याचे पाणी शुक्रवारी आमच्या चारीला येणार आहे, त्याआधी कळले तर युरियाचे ठरवता येईल." दोन्हींत मुदत तीच आहे. पहिल्यात नुसता हुकूम आहे. दुसऱ्यात माहिती आहे. गव्हाला १८ ते २१ दिवसांच्या दरम्यान मुकुटमुळे फुटतात, ते पहिले पाणी चुकवू नये, हे उत्तर देणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे ही मुदत विचारणाऱ्याने घातली असे त्याला वाटतच नाही. ती गव्हाने घातली आहे आणि पाटकऱ्याने. त्यावर रुसायचे कोणी?

दुसरे असे, की कारणासकट दिलेली मुदत तपासता येते. 'तातडीचे' हा शब्द तपासता येत नाही. पेरणीची तारीख, पिकाची अवस्था, पाण्याची पाळी ही लपणारी गोष्ट नाही. गावच्या कृषी सहायकाला (पदाचे नाव आता बदलले आहे, पण गावात हाक जुनीच मारतात) कोणाचे सोयाबीन कधी पडले ते बरोबर माहीत असते. 'लांडगा आला रे' करणारा एकदा खपेल, दुसऱ्यांदा नाही. म्हणून जुन्या साहेबांच्या पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर हेच, की ज्या प्रश्नावर मुदत आहे पण कारण नाही, तो सरळ साध्या गठ्ठ्यात टाकावा. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

सरकारच्या कायद्यातही हा विचार आहे बरे का. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा बघा. साध्या अर्जाला ३० दिवस. पण माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तास. ही ४८ तासांची सवलत अर्जदार मोठा म्हणून नाही, की त्याने लाल शाईने लिहिले म्हणूनही नाही. विषयच तसा आहे म्हणून आहे. शेतीच्या सल्ल्यालाही हेच लावायला काय हरकत आहे?

आणि एक मनातले बोलून टाकतो. मुदत हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही, फक्त तो नेहमी त्याच्यावरच लागत आला. सोसायटीचा मार्चअखेर, नमुना नंबर ७ चा पाणी अर्ज, फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायचे १५ दिवस, पीक पाहणीची शेवटची तारीख. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली, पुढे तीत गारपीट किंवा पाणी साचून नुकसान झाले तर ७२ तासांत कळवा, ही अट आली. (आपल्या राज्यात २०२५ च्या खरिपापासून योजनेचे स्वरूप बदलले, तो वेगळा विषय.) ते ७२ तास शेतकऱ्यांनी कसे काढले ते आम्ही पाहिले आहे. लाईट नाही, मोबाइलला रेंज नाही, रानात गुडघाभर पाणी, आणि माणूस टेकडीवर चढून फोन लावतो आहे. कोणी त्याला म्हटले नाही, की बाबा, घाईत चूक होईल, सावकाश कळव. तेव्हा ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या तारखा पाळल्या, त्याने एकदा आपल्या पिकाची तारीख सांगितली तर तो उद्धटपणा कसा?

असो. आता शेतकऱ्यांना दोन गोष्टी सुनवायच्या आहेत, त्याही ऐकून घ्या. पुष्कळदा मुदत तोकडी असते ती उत्तर देणाऱ्यामुळे नाही, आपण प्रश्नच उशिरा विचारला म्हणून. दरवर्षी जूनमध्ये पत्रे येतात, घरचे सोयाबीन बियाणे वापरावे का, पाऊस पडलाय, परवा पेरायचे आहे. आता याला परवापर्यंत खरे उत्तर ब्रह्मदेवही देऊ शकत नाही. उत्तर बियाण्याजवळ आहे. १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळा, सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि आठवड्याने कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचे बियाणे पुरेल, कमी उगवले तर त्या मानाने प्रमाण वाढवा, फारच कमी असतील तर दुसरे बघा. या कामाला आठवडा लागतो आणि तो आठवडा मे महिन्यात फुकट मिळतो. जूनमध्ये तो कोणाच्या बापाला मिळत नाही. आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की तिफण काढायची घाईही नको, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नका, हे तर दरवर्षी या पानावर छापून आमची शाई संपली. माती तपासणीचेही तेच. नमुना उन्हाळ्यात रिकाम्या रानातून घ्यायचा असतो. पेरणीच्या तोंडावर पिशवी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून "चार दिवसांत रिपोर्ट द्या" म्हणणाऱ्याची मुदत आम्ही पिकाची मानणार नाही. ती आळसाची मुदत झाली.

दुसरी गोष्ट, सगळ्या प्रश्नांना मुदत नसते. मोसंबीची झाडे दोन वर्षांपासून शेंड्याकडून वाळत आहेत, जमीन चोपण होत चालली आहे, विहिरीचे पाणी मचूळ लागते आहे, या गोष्टी महिन्यांत झाल्या नाहीत आणि महिन्यात दुरुस्तही होणार नाहीत. अशा प्रश्नावर "तीन दिवसांत कळवा" लिहिले तर तज्ज्ञ तीन दिवसांपुरतेच उत्तर देईल. तिथे उलट लिहा, की सवडीने पण बघून सांगा. बागेत येऊन बघा म्हणा, चहाला बोलवा.

ज्यांना खरीच मुदत आहे त्यांनी कसे लिहावे? कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ, म्हणजे कल्पना येईल. एकरी दोन कामगंध सापळे लावलेले आहेत. सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले, अथवा शंभरात दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, की नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. अळी एकदा बोंडात शिरली की वरची फवारणी तिला पोचत नाही, म्हणून इथून पुढचे काही दिवसच हातात असतात. तर पत्र असे यावे: लागवड १५ जूनची, बोंडे धरली आहेत, सापळ्यात तीन दिवस रोज नऊ-दहा पतंग, आधी अमुक फवारणी अमुक तारखेला झाली आहे, पुढची फवारणी सोमवारच्या आत करीन म्हणतो. एवढे लिहिलेत तर तज्ज्ञाचे अर्धे काम तिथेच झाले. त्याला उलट फोन करून चार प्रश्न विचारावे लागत नाहीत आणि तेवढ्यात उत्तर लिहून होते. मुदत सांगण्याचा खरा फायदा आम्हाला यातच दिसतो. कधीपर्यंत हवे हे लिहायला बसले की का हवे हे लिहावे लागते, आणि का हवे हे लिहिता लिहिता प्रश्न नीट मांडला जातो. "कोणते औषध मारावे" हा प्रश्न मग उरत नाही.

कोणी म्हणेल, फोन आहे की. आहेच. किसान कॉल सेंटर २००४ च्या जानेवारीत सुरू झाले, १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. जरूर वापरा. पण फोनवरच्या माणसाला तुमचे रान दिसत नाही. तुमच्या तालुक्यात काल गारा पडल्या की ऊन होते, हे जवळच्या माणसालाच कळते. त्या जवळच्या माणसाचा वेळ कसा वापरायचा, हा आपला प्रश्न आहे.

आता उत्तर देणाऱ्यांकडे वळू. कृषी सहायक, ग्रामसेवक, केंद्रातले शास्त्रज्ञ आणि ओट्यावर बसून सल्ला देणारी आपली जुनी मंडळी, सगळ्यांना हात जोडून सांगणे आहे. तुमच्याकडे एकेकाला कितीतरी गावे आहेत, त्यात पंचनामे, याद्या, बैठका आणि 'आजच माहिती पाठवा' हे वरचे निरोप. तुम्ही प्रत्येक मुदत पाळावी असे आम्ही म्हणत नाही. पण शुक्रवारची मुदत घातलेला प्रश्न सोमवारी हातात आला आणि जमणार नाही हे तुम्हाला मंगळवारी कळले, तर मंगळवारीच तसे सांगा. "मला जमत नाही, अमक्याला विचारा." एवढे चार शब्द. शेतकऱ्याला नकाराचा राग येत नाही हो. त्याला वाट पाहायला लावल्याचा येतो. मंगळवारी नकार मिळाला तर त्याच्या हातात तीन दिवस राहतात, तो दुसरे दार ठोठावतो. काहीच कळले नाही तर तो शुक्रवारपर्यंत तुमच्याच भरवशावर बसून राहतो, कारण त्याला वाटते, साहेब बघतायत.

आणि मुदत टळली म्हणून उत्तर टाळू नका. यात बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. आता काय उपयोग, म्हणून कागद बाजूला सारतात. आमच्या त्या मक्याच्या उत्तराचेच सांगतो. ज्याने विचारले त्याला त्याचा उपयोग झाला नाही, पण त्याच शिवारात उशिरा पेरलेल्या दोघांचा मका तेव्हा वीत-दीड वीत होता. त्यांनी कात्रण काढून नेले असे पुढे कळले. प्रश्न एकाचा असतो, पण पीक गावाचे असते. तेव्हा तारखेच्या आत आले तर विचारणाऱ्याला, नंतर आले तर बाकीच्यांना, उत्तर द्यावेच.

ग्रामपंचायतीच्या दप्तराबाबतही थोडे. तिथल्या सेवांना लोकसेवा हक्क कायद्याने २०१५ पासून दिवस ठरवून दिले आहेत आणि ते भिंतीवर लावलेले असतात. पण ती बाहेरची हद्द झाली. मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख त्या हद्दीच्या आधी येत असेल तर अर्जावरच एक ओळ लिहा, दाखला कशासाठी आणि कोणत्या तारखेला दाखवायचा आहे. शक्य तर प्रवेशाच्या सूचनेचा कागद सोबत जोडा. ग्रामसेवकांनीही ती ओळ वाचून अर्ज वर काढावा. मात्र पाच दिवस आधी माहीत असलेली तारीख आदल्या दिवशी सांगून, दारात उभे राहून, "साहेब एवढं करा" म्हणणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही.

या पानापुरते आम्ही काय करणार, ते सांगून थांबतो. इथून पुढे येणारी पत्रे दोन गठ्ठ्यांत लावू. ज्या पत्रात पेरणीची किंवा लागवडीची तारीख, पिकाची अवस्था आणि कधीपर्यंतचे उत्तर कामाचे आहे ते कारणासह लिहिलेले असेल, ते आले त्याच दिवशी तज्ज्ञांकडे फोनवर वाचून दाखवू. मुदतीच्या आत अंक निघत नसेल तर उत्तर छापण्याची वाट न पाहता तुम्हाला फोनने कळवू, नंतर सगळ्यांसाठी छापू. जमणार नसेल तर तेही कळवू. म्हणून पत्रावर फोन नंबर टाकायला विसरू नका, तुमचा नसेल तर शेजाऱ्याचा टाका. बाकीची पत्रे नेहमीप्रमाणे आपल्या पाळीने. पोस्टकार्डावर जागा पुरत नाही अशी तक्रार असेल तर सुरुवातीचे 'स.न.वि.वि.' आणि आमच्या पानाची स्तुती गाळली तरी चालेल, त्या जागेत तारीख बसते.